तरंगणारी वीट व फेसाचें काँक्रीट

आपल्या धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर हें गांव आहे. संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीं हेंच गांव तगर या नांवानें दूरदूरच्या देशांत प्रसिद्ध होतें. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासग्रंथांत तगराहून भडोच बंदराकडे माल जात असल्याचा उल्लेख आहे. या तेर गांवीं सांपडलेल्या जुन्या विटांपैकीं कांहीं विटा अशा आहेत कीं, त्या पाण्यांत टाकल्या असतां बुडत नाहींत, तरंगतात. सहलीस गेलेल्या मुलांपैकीं कोणी ना कोणी आम्हांस दरवर्षीं हाच प्रश्न विचारतो : "सर, वीट तरंगते कशी?" या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे, परंतु त्या उत्तराच्या मागोमाग गेलें असतां आपण एका अत्यंत महत्त्वाच्या गोष्टीपर्यंत येऊन पोहोंचतों. ती गोष्ट म्हणजे आपल्या डोक्यावरील छताचें वजन.

प्रथम विटेचें पाहूं. एक घनमीटर पाण्याचें वजन १००० किलो असतें. आपल्याकडील काळा दगड तेवढ्याच आकाराचा घेतला तर तो सुमारे २८०० किलो भरतो. साधें काँक्रीट २४०० किलो, व भट्टींतील साधी वीट १८०० किलोंच्या आसपास. जी वस्तु आपल्या आकाराच्या पाण्याहून हलकी, ती तरंगते; जी जड, ती बुडते. तेरच्या वीटकऱ्यांनीं मातींत भाताचें तूस कालवून विटा पाडल्या. भट्टींत तूस जळून गेलें व त्याच्या जागीं बारीक पोकळ्या राहिल्या. माती तीच, भट्टीही तीच. परंतु विटेच्या पोटांत हवा शिरली आणि वीट पाण्याहून हलकी झाली. ही युक्ति केवळ आपल्याच लोकांस ठाऊक होती असें नव्हे. रोम शहरांतील पँथिऑन नांवाच्या देवालयाचा घुमट सुमारे ४३ मीटर रुंद आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत तो बांधतांना कारागिरांनीं खालच्या थरांत जड दगडाची खडी घातली आणि माथ्याकडे ज्वालामुखींतून निघालेल्या सच्छिद्र, हलक्या दगडाची. तात्पर्य, जें उंचावर ठेवावयाचें तें हलकें असावें, हें शहाणपण फार जुनें आहे.

आतां आपण तेरहून आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण भागाकडे वळूं. कारण हें शहाणपण विसरल्याचें फळ काय होतें, हें तेथें सर्वांनीं पाहिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूकंप झाला. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून लोक उशिरां निजले होते. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी, आपल्या जिल्ह्यांतील सास्तूर व आसपासचीं अनेक गांवें कांहीं क्षणांत मातीचे ढीग झालीं. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरांत गेली, आणि पुढें बावन्न गांवें उठवून नव्या जागीं वसवावीं लागलीं.

भूकंपाचें परिमाण ६.२ होतें. एवढ्या किंवा याहून मोठ्या परिमाणाचे कितीतरी भूकंप जगांत दरवर्षीं होतात, व पुष्कळ ठिकाणीं त्यांत मनुष्यहानि फारशी होत नाहीं. मग आपल्याकडेच एवढी हानि कां झाली? भूकंपाचा उगम जमिनीच्या पृष्ठभागापासून फार खोल नव्हता आणि वेळ निजेची होती, हीं कारणें खरीं. परंतु त्यांहून मोठें कारण घरांत होतें. भिंती दगडमातीच्या, हातभर ते दोन हात जाडीच्या. बाहेरून एक तोंड, आंतून एक तोंड, आणि मध्यें गोट्यांची व मातीची भर. दोन्ही तोंडांस एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बहुधा नसे. आणि अशा भिंतींवर काय होतें? माळवद. लांकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, व त्यांवर मातीचा जाड थर.

या थराच्या वजनाचा हिशेब आपण एकदां पाटीवर मांडूं. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. माळवदाची माती दोन फूट जाड धरा. एकूण माती २०० घनफूट झाली. घनफुटास ४५ किलो धरले तरी ९००० किलो, म्हणजे नऊ टन वजन झालें. भरलेल्या बैलगाडीचें वजन सुमारे एक टन मानिलें तर नऊ बैलगाड्या आपल्या अंथरुणावर टांगलेल्या होत्या! स्थिर जमिनीवर हें वजन भिंती मुकाट्यानें सोसतात, कारण तें सरळ खालीं येतें. परंतु जमीन बाजूस हालली म्हणजे गोष्ट बदलते. वस्तूचें वस्तुमान जितकें अधिक, तितकी तिला हालविण्यास शक्ति अधिक लागते, हा न्यूटनचा नियम तुम्ही शिकलांच आहां. जमिनीच्या हालण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश धरला, तर नऊ टनांचें छत भिंतीस जवळजवळ दोन टनांचा आडवा धक्का देतें. दगडमातीची भिंत तो कसा सोसणार? ती उकलते, आणि तिच्यापाठोपाठ नऊ टन खालीं येतात.

आम्ही त्या वेळीं शाळकरी विद्यार्थी होतों. आमच्या घरावरही माळवदच होतें. मृगापूर्वीं दरवर्षीं पांढरीची माती आणून वर पसरावयाची, पाणी शिंपून चोपून बसवावयाची, ही घरोघरची रीत. शिडीवरून मातीचीं घमेलीं वर नेण्याचें काम आम्हां मुलांकडे असे, व त्यांत आम्हांस मोठी मौज वाटे. जुनी माती कोणी काढीत नसे. नवी मात्र दरवर्षीं पडे. त्या पहाटे आमच्या घराची एक बाजू बसली. उकाड्यामुळें सर्व मंडळी अंगणांत निजली होती, म्हणून वांचली. आमच्या आळींतील सर्वांचें दैव तसें नव्हतें. उजाडल्यावर मोठी माणसें फावड्यांनीं जी माती उपशीत होतीं, तींत आम्ही वाहून नेलेलीं घमेलीं होतींच. वजन हा शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आम्ही पुढें वाचला; त्याचा अर्थ मात्र त्या दिवशीं कळला.

तरी आपल्या वाडवडिलांस अडाणी म्हणून दोष देणें योग्य होणार नाहीं. त्यांनीं छतावर माती उगीच घातली नव्हती. आपल्या भागांतील वैशाखाचें ऊन ज्यानें सोसलें आहे त्यास तें सांगावें लागत नाहीं. जाड माती ऊन खालीं उतरूं देत नाहीं, व ती स्वस्त असते. याउलट पत्र्याचें छप्पर हलकें खरें, परंतु दुपारीं त्याखालीं बसवत नाहीं. तेव्हां खरा प्रश्न असा आहे कीं, मातीचा गारवा मिळावा आणि मातीचें वजन मात्र नसावें, असा कांहीं पदार्थ आहे काय? तेरची वीट सांगते कीं, आहे. उष्णता अडविण्याचें काम कोंडलेली हवा फार चांगलें करिते, आणि हवेस वजन जवळजवळ नाहींच. हीच हवा काँक्रीटांत कोंडली म्हणजे जें होतें त्यास फेसाचें काँक्रीट किंवा फोम काँक्रीट म्हणतात.

सिमेंटांत हवा कोंडण्याच्या आधुनिक रीति विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत निघाल्या. १९२० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील आक्सेल एरिक्सन या वास्तुशास्त्रज्ञानें या कामीं मोठी खटपट केली. आज या पदार्थाच्या दोन जाति प्रचारांत आहेत. एका जातींत मिश्रणांत अ‍ॅल्युमिनिअमची भुकटी घालतात. चुन्याशीं तिचा संयोग होऊन हायड्रोजन वायु निघतो व भाकरीचें पीठ आंबून फुगावें तसें मिश्रण फुगतें. मग तें मोठ्या बंद भांड्यांत वाफेच्या दाबाखालीं शिजवितात. आपल्याकडे सिपोरेक्स या नांवानें ज्या पांढुरक्या विटा लोक ओळखतात त्या या जातीच्या. त्यांस मोठा कारखाना लागतो. दुसरी जात म्हणजे फेसाचें काँक्रीट. त्यांत फेस अगोदर वेगळा करून मग मिश्रणांत कालवितात. त्यास वाफेची भट्टी लागत नाहीं; म्हणून तें लहान गांवींही करतां येतें. बाजारांत त्याच्या ठोकळ्यांस सीएलसी ब्लॉक म्हणतात.

कृति अशी. प्रथम फेस. फेस आणणारा द्रव बाजारांत मिळतो. कांहीं द्रव जनावरांचीं शिंगें व खूर यांतील प्रथिनांपासून केलेले असतात, कांहीं रासायनिक असतात. एक भाग द्रवांत सुमारे तीस ते चाळीस भाग पाणी घालून तें यंत्रानें दाबलेल्या हवेबरोबर बारीक जाळीनें भरलेल्या नळींतून सोडतात. नळीच्या तोंडांतून दाढीच्या साबणासारखा घट्ट, पांढरा फेस बाहेर पडतो. चांगल्या फेसाच्या एका लिटराचें वजन पन्नास ते ऐंशी ग्रॅम भरतें. बादलींत भरून बादली पालथी केली तरी तो खालीं पडूं नये व त्यांतून पाणी गळूं नये.

दुसऱ्या बाजूस सिमेंट, बारीक चाळलेली वाळू व पाणी यांचें पातळसर मिश्रण, ज्यास आपले गवंडी माल म्हणतात, तें तयार करितात. सिमेंटाचा कांहीं भाग कमी करून त्याच्या जागीं औष्णिक वीजकेंद्रांतील राख घालतात. आपल्या शेजारीं परळी वैजनाथ येथें असें केंद्र आहे. राखेचे कण गोल व बारीक असल्यामुळें माल सुरळीत वाहतो, खर्च वांचतो, आणि जी राख उघड्यावर उडून त्रास देते ती उपयोगी लागते. यांत खडी मात्र मुळींच नसते. ती फेसांतून तळाशीं जाऊन बसेल. माल एकजीव झाल्यावर त्यांत मोजून फेस घालावयाचा व पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत हलक्या हातानें घोळावयाचें. साधें काँक्रीट साच्यांत ओतल्यावर त्यांतील हवा निघून जावी म्हणून तें यंत्रानें हालवितात. येथें तसें केलें तर फेस मोडेल. साच्याच्या बाजूस थापी मारणें पुरे. दुसऱ्या दिवशीं साचे काढून पुढें निदान दोन आठवडे ठोकळे ओले ठेवावे.

फेस किती घालावयाचा, हें गणितानें ठरतें. समजा, मालाच्या एका लिटराचें वजन १.९ किलो आहे व फेसाच्या एका लिटराचें ०.०५ किलो. आपणांस शंभर लिटर मिश्रण १०० किलो वजनाचें, म्हणजे पाण्याइतक्या भाराचें, हवें आहे. ५१ लिटर माल घेतला तर त्याचे ९६.९ किलो झाले. ४९ लिटर फेसाचे अडीच किलोंहून थोडे कमी. बेरीज जवळजवळ १०० किलो. म्हणजे अशा ठोकळ्याचा निम्मा भाग हवेचाच असतो. आठवींतील विद्यार्थ्यासही सुटेल असें हें उदाहरण आहे, आणि सर्व कामाचा पाया तेंच आहे.

हा प्रयोग आम्ही आमच्या वर्गांत केला आहे, व त्यांत तीनदां शिकलों. पहिल्या वेळीं पैसे वांचवावे म्हणून कपड्यांचा साबण बोअरच्या पाण्यांत घोळून रवीनें फेस काढला. मालांत घालतांच तो विरला, व ठोकळा दगडासारखा बुडाला. कारण तुम्हीच सांगूं शकाल : दुष्फेन पाण्यांतील क्षार साबणाशीं संयोग पावून त्याचा सांका करितात, आणि सिमेंटाच्या पाण्यांत तर चुना भरपूर असतो. दुसऱ्या वेळीं योग्य द्रव आणला. परंतु ठोकळा कोणाचा अधिक हलका, अशी मुलांत चढाओढ लागली व फेस अंदाजानें पडला. ठोकळा सुरेख तरंगला! सर्वांनीं टाळ्या पिटल्या. वाळल्यावर मात्र तो बोटानें चुरडला जाऊं लागला. तिसऱ्या वेळीं आम्ही मोजून काम केलें, आणि तेव्हां कोठें हातांत धरण्याजोगी वस्तु झाली. टाळ्या दुसऱ्या ठोकळ्यास मिळाल्या. भरंवसा मात्र तिसऱ्याचाच धरतां येईल. या विषयांतील सर्व मर्म एवढेंच आहे. हवा फुकट मिळते असें वाटतें, परंतु तिची किंमत बळाच्या रूपानें द्यावी लागते. म्हणून परीक्षा केल्यावांचून या पदार्थावर विश्वास ठेवूं नये.

परीक्षा कोणकोणत्या, त्या क्रमानें सांगतों. पहिली ओल्या मिश्रणाची. एक लिटराचें भांडें कांठोकांठ भरून तोलावें. ठरविलेल्या वजनाहून अधिक भरलें तर फेस मोडला आहे. कमी भरलें तर फेस जास्त झाला आहे. ही परीक्षा ओतण्यापूर्वींच करावयाची, कारण त्यानंतर चूक सुधारत नाहीं. दुसरी परीक्षा वाळल्यानंतरच्या भाराची. ठोकळा भट्टींत सुमारे १०५ अंशांवर, वजन उतरावयाचें थांबेपर्यंत सुकवावा व वजनास आकारानें भागावें. तिसरी एकसारखेपणाची. ठोकळा मधोमध आडवा कापून वरचा व खालचा तुकडा तोलावा. खालचा बराच जड असेल तर माल तळाशीं बसला व फेस वर आला असें समजावें. कापलेल्या तोंडावर छिद्रें बारीक व सारखीं दिसावीं. मोठीं व एकमेकांत मिळालेलीं नसावीं. चौथी पाण्याची. सुका ठोकळा तोलून चोवीस तास पाण्यांत बुडवून पुन्हां तोलावा. किती पाणी प्याला तें कळतें. पांचवी आकुंचनाची. फेसाचें काँक्रीट वाळतांना साध्या काँक्रीटाहून पुष्कळ अधिक आखडतें. ओलें असतांना व सुकल्यावर लांबी मोजून हा फरक काढतात. ताजे ठोकळे घाईनें भिंतींत बसविले म्हणजे पुढें गिलाव्यास तडे जातात, त्यांचें कारण हें.

सहावी व मुख्य परीक्षा बळाची. अठ्ठावीस दिवस झालेला ठोकळा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंतील यंत्रांत ठेवून फुटेपर्यंत दाबतात. भारतीय मानक २१८५ याचा चवथा भाग २००८ सालीं याच ठोकळ्यांसाठीं निघाला. त्यांत घनमीटरास ८०० ते १८०० किलो भाराच्या ठोकळ्यांचा विचार केला आहे. ८०० किलो भाराच्या ठोकळ्यानें चौरस मिलिमीटरास सुमारे २.५ न्यूटन दाब सोसावा अशी अपेक्षा असते. दहा सेंटिमीटरांच्या घनाचें तोंड १०,००० चौरस मिलिमीटर. म्हणजे २५,००० न्यूटन, अर्थात् अडीच टन झाले. हें कांहीं थोडें नाहीं; परंतु घराच्या खांबांस जें साधें काँक्रीट वापरतात तें याच्या आठपट किंवा त्याहून अधिक दाब सोसतें. यावरून या पदार्थाची जागा कोणती व कोणती नव्हे, हें स्पष्ट होईल. खांब, तुळया व भूकंपास तोंड देणारे आडवे पट्टे हे लोखंडाच्या सळया घातलेल्या साध्या, भक्कम काँक्रीटाचेच असले पाहिजेत. खांबांमधील पडद्यांच्या भिंती हलक्या ठोकळ्यांच्या कराव्या.

आणि छताचें काय? पुष्कळ घरीं स्लॅबवर ऊन व पाणी यांसाठीं विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात. आपल्या त्या दहा फुटी खोलीवर चार इंच कोबा सुमारे १८०० किलो भरतो. त्याच्या जागीं ८०० किलो भाराचें फेसाचें काँक्रीट घालून उतार काढला तर तेवढाच थर साडेसातशें किलोंच्या आसपास भरतो. एका खोलीच्या माथ्यावरून एक टन वजन उतरलें. शिवाय हें काँक्रीट साध्या काँक्रीटाच्या सुमारे पांचव्या-सहाव्या हिश्श्यानेंच उष्णता खालीं जाऊं देतें. वर पाणी न शिरूं देणारा थर मात्र नीट घालावा, कारण छिद्रांत पाणी भरलें तर हलकेपणा व गारवा दोन्ही जातात. जुन्या माळवदाच्या घरांत राहणाऱ्यांस आमचें सांगणें याहून सोपें आहे : नवी माती चढविण्यापूर्वीं जुनी उतरवा, आणि भिंतीचीं दोन्ही तोंडें जाणत्या गवंड्याकडून एकत्र बांधून घ्या. नुसतें छत हलकें करून सैल भिंत घट्ट होत नाहीं.

शेवटीं पुन्हां तेरला जाऊं. गोरोबाकाकांच्या घरीं संतमंडळी जमली असतां त्यांनीं मडकें पारखण्याची थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिली व कोण पक्का, कोण कच्चा तें सांगितलें, ही कथा तुम्हीं लहानपणीं ऐकली आहे. कुंभार मडक्याच्या रंगावर जात नाहीं; तो तें वाजवून पाहतो. आपल्या जिल्ह्यानें तरंगणारी वीट जगास दाखविली, आणि जड छताचें दुःखही भोगलें. तुमच्यांपैकीं कोणी पुढें अभियंते होतील, कोणी गवंडी, कोणी ठेकेदार. आणि प्रत्येकजण केव्हां ना केव्हां आपल्या माणसांसाठीं घर बांधील. त्या वेळीं, माझ्या मुलांच्या डोक्यावर किती किलो आहेत, आणि तें मोजून पाहिलें आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून कोणीही छताखालीं अंथरूण घालूं नये, एवढीच आमची विनंती आहे.